मागच्या डिस्क ब्रेकचा फक्त आतला पॅड संपतोय, पॅड बदलून भागेल का? (लॉरा, सातारा)

घाटवाट_सातारा:

गाडी स्कोडा लॉरा, डिझेल, २०११ चं मॉडेल. चारही चाकांना डिस्क, हँडब्रेक साधा, हाताने ओढायचा. मागच्या उजव्या चाकातून हळू वेगात बारीक खरखर येते, ब्रेक दाबला की वाढते. चाक काढून बघितलं तर आतल्या पॅडचं मटेरियल जेमतेम १ मिमी उरलंय, बाहेरचं अजून ५ मिमी आहे. डावीकडे आतला ४ आणि बाहेरचा साडेचार. डिस्कच्या बाहेरच्या कडेला गंजाची कड आलीय, मधला भाग गुळगुळीत, आतल्या बाजूला दोन-तीन बारीक चरे, नखाला जेमतेम लागतील एवढेच. पेडल घट्ट आहे, ब्रेक मारताना गाडी कुठल्या बाजूला ओढत नाही, ब्रेक ऑइल मिनिममच्या जरा वर.

रोजचं चालणं सातारा–कोरेगाव, अधूनमधून यवतेश्वर घाट, पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी. गॅरेजमध्ये दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), दोन्ही डिस्क आणि पॅड, सगळंच बदला म्हणतायत. पॅड घरी बदलायची तयारी आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत. तीन गोष्टी सांगा: एकाच बाजूचा आतलाच पॅड का संपला, कॅलिपर खरंच बदलायला लागेल का, आणि मागचा पिस्टन नुसता दाबून आत जातो का?

पाना_तेरा:

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण तिथेच नुकसान होतं. दाबून जात नाही. लॉराच्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे. पिस्टनच्या आत आटे असलेला दांडा आणि नट असतो, पॅड घासत जाईल तसा तो नट आपोआप पुढे सरकतो. तुम्ही सी क्लॅम्प लावून जोर केला तर पिस्टन आटे सोडून मागे येत नाही, आतला ॲडजस्टर, म्हणजे हाच दांडा-नट, मोडतो. मग मात्र कॅलिपर खरंच बदलायला लागेल. पिस्टन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत, फिरवतानाच आत दाबायचा. त्यासाठी पिस्टन फिरवायचं किट मिळतं, त्यात वेगवेगळ्या दोन खिट्ट्यांच्या चकत्या आणि मागे टेकणारा स्क्रू असतो. चौकोनी ठोकळ्यासारखं स्वस्त हत्यार मिळतं ते घेऊ नका, ते फिरवतं पण दाबत नाही, पिस्टन जागच्या जागी गोल फिरत राहतो.

काही गाड्यांत डाव्या बाजूचा पिस्टन उलट फिरतो. लॉरात दोन्हीकडे सुलटच. फिरवताना पिस्टन बाहेर यायला लागला तर लगेच थांबा, दिशा चुकली.

आता आतलाच पॅड का. हा तरंगता कॅलिपर आहे, पिस्टन एकच आणि तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आधी आतला पॅड डिस्कवर टेकवतो, मग सगळा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, मग सगळं काम आतल्या पॅडच्या गळ्यात. म्हणजे पहिला संशय पिनांवर. दुसरा संशय, हँडब्रेक पूर्ण सुटत नसेल. तिसरा, पिस्टन गंजून परत मागे येत नसेल. पॅडचा दोष चौथ्या नंबरवरही नाही. हे न बघता नुसते नवे पॅड टाकले तर तोच आतला पॅड पुन्हा तसाच संपणार.

पॅड तिरका घासलाय का तेही बघा, वरून ३ आणि खालून १ असा. तसा असेल तर दोनपैकी एकच पिन जाम आहे.

घाटवाट_सातारा:

हो, तिरका आहे. वरच्या टोकाला दीड, खालच्या टोकाला जवळपास पत्राच. हँडब्रेक सुटतो की नाही हे गाडी न खोलता कसं कळेल?

कृष्णाकाठ_सांगली:

खालची पिन धरा मग, पण हँडब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागच्या कॅलिपरच्या पाठीला केबल अडकवलेला लहान लिव्हर असतो. आतला हँडब्रेक पूर्ण खाली करा आणि गाडीखालून बघा, लिव्हर कॅलिपरवरच्या स्टॉपला टेकला पाहिजे. टेकला नसेल तर केबलचं टोक लिव्हरमधून काढा. केबल काढल्यावर लिव्हर स्प्रिंगने स्टॉपवर गेला तर केबल आत गंजलीय, कॅलिपर ठीक आहे. केबल काढूनही लिव्हर अर्ध्यातच थांबला, हाताने ढकलायला लागला, तर लिव्हरच्या दांड्याचं सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. त्या अवस्थेत थोडं तेल मारून चालू होतो, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अडकतो. तेव्हा कॅलिपर बदलणं बरं.

आमच्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी लागलेल्या गाड्यांत हे हमखास बघायला मिळतं. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक असतो, पिनांच्या रबरात शिरला की ग्रीसबरोबर त्याची पेस्ट होते आणि पिन घासून खाते. सांगली-मिरजेकडची जुनी गाडी घेतली असेल तर पिनांचे रबर उलटे करून राखाडी चिखल आहे का ते बघाच. असेल तर चारही पिना आणि त्यांचे रबर किट नवीन टाका, धुऊन वापरू नका. आणि अशा गाडीचं ब्रेक ऑइल आधीच्या मालकाने बदललं म्हणाला तरी बदला.

पाना_तेरा:

आता पॅड बदलण्याचं काम क्रमाने. गाडी सपाट जागेवर, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी. विटा नकोत, फुटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हँडब्रेक खाली. मागच्या कामात हँडब्रेक ओढलेला असून चालत नाही, म्हणून तर पाचरींना महत्त्व. चाकाचे बोल्ट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, १७ चा पाना लागतो. जॅक लावल्यावर खाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावल्याशिवाय हात आत घालू नका, गाडीबरोबर येणारा जॅक हा स्टेपनी बदलण्यापुरताच असतो.

ब्रेक ऑइलचं झाकण उघडा. तुमचं मिनिममजवळ आहे म्हणजे पिस्टन आत गेल्यावर ते वर येईल पण सांडणार नाही. मध्ये कुणी टॉप-अप केलं असतं तर सिरिंजने थोडं काढून घ्यायला लागलं असतं. रंगावर सांडलं तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता. पुसलं की रंगासकट येतं.

हँडब्रेकची केबल लिव्हरमधून काढा. कॅलिपरचे दोन बोल्ट, १३ चं डोकं. बोल्ट फिरवताना मागची पिन सोबत फिरते, ती १५ च्या पातळ फिक्स पान्याने धरायची. जाड पाना तिथे बसत नाही, इथेच निम्मा वेळ जातो, म्हणून पातळ पाना आधीच आणून ठेवा. बोल्ट काढून कॅलिपर मागे खेचा आणि बाइंडिंग वायरने स्प्रिंगला टांगा. रबर होजवर लोंबकळत ठेवू नका, होज आतून फाटते आणि बाहेरून दिसत नाही. एबीएसच्या वायरलाही ताण बसू देऊ नका.

जुने पॅड ओढून काढा. कॅरियरमध्ये, म्हणजे पॅड आणि कॅलिपर धरणाऱ्या चौकटीत, जिथे पॅडचे कान बसतात तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. त्या काढा, आणि हे बहुतेक लोक करत नाहीत, क्लिपेच्या खालचा गंज तारेच्या ब्रशने आणि कानशीने काढा. महाबळेश्वर, कास, कोयना भागात पाऊस इतका की क्लिपेखाली गंज फुगून येतो आणि क्लिप आत ढकलतो. मग नवा पॅड हातोडी मारून बसवावा लागतो. हातोडी मारून बसलेला पॅड ब्रेक सोडल्यावर मागे सरकत नाही. नवा पॅड कॅरियरमध्ये दोन बोटांनी सरकला पाहिजे, हीच कसोटी. नव्या पॅडच्या सेटमध्ये नव्या क्लिपा आणि नवे बोल्ट येतात, तेच लावा. बोल्टच्या आट्यांवर आधीच लॉकिंग लेप असतो, जुने बोल्ट परत वापरायचे नाहीत.

आता पिना. एकेक पिन हाताने आतबाहेर करून बघा. मोकळी असेल तर गुळगुळीत सरकते आणि रबर तिला हलकेच परत ओढतो. जाम असेल तर १५ च्या पान्याने डावी-उजवी फिरवत काढा, सरळ ओढलं तर रबर फाटतो. पिन ब्रेक क्लीनरने धुवा, गंजाचे डाग बारीक पॉलिश पेपरने काढा. हात फिरवल्यावर खड्डे लागत असतील तर पिन नवीन. कॅरियरमधलं भोकही कापडाने आतून पुसून कोरडं करा.

कॅरियर उतरवायची गरज फक्त डिस्क बदलायची असेल तरच. त्याचा बोल्ट ताऱ्याच्या आकाराच्या बारा टोकांच्या १४ च्या बिटने सुटतो, साध्या ॲलन-कीने प्रयत्न केला तर डोकं गोल होतं.

बसवताना कॅलिपरचे बोल्ट ३५ न्यूटन मीटर (आवळण्याचा जोर), चाकाचे बोल्ट गाडी खाली आल्यावर तिरकस क्रमाने १२० न्यूटन मीटर. कॅरियर काढला असेल तर नवे बोल्ट, ९० न्यूटन मीटर आणि वर पाव फेरा.

टॉमी_आणि_पान्हे:

पिनांना बेअरिंगचं पिवळं ग्रीस चालतं, सगळी गॅरेजं तेच लावतात. उगाच महागाचं ग्रीस सांगू नका लोकांना.

पाना_तेरा:

लावतात हे खरं, म्हणूनच पिना वर्षभरात जाम होतात. पिनांचे रबर आणि पिस्टनचं सील ईपीडीएम जातीचं असतं, त्याला पेट्रोलियमचं ग्रीस लागलं की ते फुगतं. फुगलेलं रबर पिनेला घट्ट आवळतं, आणि आपण गंज समजून पॉलिश पेपर मारत बसतो. पिनांना सिलिकोनचं किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिक ग्रीस, पातळ थर, फार भरलं तरी भोकातली हवा दाबली जाऊन पिन परत बाहेर येते. पॅडच्या कानांना उष्णता सोसणारी ब्रेक पेस्ट, तीही नखाएवढी. पॅडच्या पाठीला चिकट फिल्म असेल तर तिथे काहीच लावू नका, कागद सोलून तसाच बसवा. घर्षणाच्या भागाला ग्रीसचा हात लागला तर पॉलिश पेपर मारून निभावतं असं समजू नका, ते मटेरियल तेल पिऊन घेतं, तो पॅड गेला.

टॉमी_आणि_पान्हे:

फुगण्याचं मान्य. पण मग डिस्क? चरे आहेत म्हणतोय तो. डिस्क न बदलता नवे पॅड टाकले तर चरे नव्या पॅडला खातील.

कृष्णाकाठ_सांगली:

नखाला जेमतेम लागणाऱ्या चऱ्यांनी काही होत नाही, पॅड त्यात बसून जातो. डिस्क बदलायची की नाही हे जाडी ठरवते. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, गंज घासून वाचा. नवी १२ मिमीची असेल तर मर्यादा १०, नवी १० ची असेल तर ८. व्हर्नियर थेट कडेला लावू नका, गंजाची कड मोजली जाते आणि डिस्क जाड भासते. व्हर्नियरच्या दोन्ही जबड्यांखाली एकेक नाणं ठेवून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा, किंवा मायक्रोमीटर घ्या. डिस्कवर तीन-चार जागी मोजा. मर्यादेच्या वर अर्धा मिमीसुद्धा नसेल तर या पॅडच्या आयुष्यातच ती खाली जाईल, तेव्हा आत्ताच बदला. बदलली तर दोन्ही बाजूंची. पॅडही दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, डावीकडे ४ मिमी उरलंय म्हणून ते ठेवायचं नाही. एका बाजूला जुना आणि दुसरीकडे नवा असेल तर ओल्या रस्त्यावर मागची बाजू सरळ थांबत नाही. खंबाटकीच्या उतारावर पावसात ते नको.

पॅड घेताना दुकानदाराला नुसतं लॉरा म्हणू नका. मागच्या डिस्कचे एकाहून जास्त आकार आहेत. चॅसी नंबर द्या, किंवा जुन्या पॅडच्या पाठीवरचा डब्ल्यूव्हीए नंबर (पॅडचा आकार ओळखायचा नंबर) जुळवा. बॉश, टीआरडब्ल्यू, ब्रेंबो यांचे पॅड बाजारात आहेत, पण खोक्यावरच्या नावाइतकीच पाठीवरची छपाई बघा. खऱ्या पॅडच्या पाठीवर नंबर स्पष्ट उमटलेला असतो आणि मटेरियल पत्र्याच्या कडेला कुठे उचललेलं नसतं.

घाटवाट_सातारा:

रविवारी खोललं. उजवीकडची खालची पिन पूर्ण जाम, फिरवत-फिरवत निघाली, रबर फाटलेला होता, आत पाणी. वरची मोकळी. लिव्हर दोन्हीकडे स्टॉपवर टेकतोय. पिस्टन किटने हलका फिरत आत गेला, त्याचा रबर बूट शाबूत. डिस्क उजवी ११, डावी ११.२, किमान १० लिहिलंय. उजव्या बाजूच्या दोन्ही पिना आणि रबर नवीन आणले, दोन्हीकडे पॅड घातले. सगळं बसवून पेडल दाबलं तर पहिल्यांदा पार तळाला गेलं, नंतर आलं वर. पण हँडब्रेक आता आधीपेक्षा जास्त वर येतोय. केबल ताणून घेऊ का?

पाना_तेरा:

नाही. केबलला हात लावू नका अजून. पिस्टन आत फिरवल्यामुळे आतला ॲडजस्टर मागे गेलाय. इंजिन चालू करून पेडल वीस-तीस वेळा नीट, पूर्ण दाबून पूर्ण सोडा. दर वेळी नट थोडा पुढे येतो. मग हँडब्रेक ओढून बघा, बहुतेक जागेवर येईल. आधीच केबल ताणली तर लिव्हर स्टॉपवरून उचलला जातो, ॲडजस्टर पुढे यायचा थांबतो आणि पॅड कायम घासत राहतो. म्हणजे पुन्हा आतला पॅड संपला.

पेडलचं करूनही हँडब्रेक वरच येत असेल तरच आतल्या लिव्हरजवळच्या नटाने केबल घ्या, तेही दोन्ही कॅलिपरचे लिव्हर स्टॉपवरून जेमतेम सुटतील इतकंच, एक मिमीच्या आत. मग नट किंचित परत. चाक हाताने फिरवा, हँडब्रेक खाली असताना कुठेही अडकता कामा नये.

रस्त्यावर काढण्याआधी पेडल दाबून घट्ट आल्याची खात्री कराच. पहिल्यांदा तळाला गेलं ते अंगणात गेलं म्हणून ठीक.

वाढे_फाटा:

माझ्या भावाच्या गाडीत बटणाचा हँडब्रेक आहे. तिथेही असंच पिस्टन फिरवायचं?

कृष्णाकाठ_सांगली:

तिथे वेगळं. बटणाच्या हँडब्रेकमध्ये कॅलिपरच्या पाठीला छोटी मोटर असते, तिचा स्क्रू पिस्टनला मागून आधार देतो. आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकून मोटर मागे घ्यायची, मग पिस्टन सरळ दाबून आत जातो, फिरवायला लागत नाही. मोटर मागे न घेता दाबलं तर गिअर फुटतो आणि मोटर स्वस्त नसते. काम चालू असताना कुणाला बटणाला हात लावू देऊ नका, इग्निशन बंद, चावी खिशात. पॅड बसले की पुन्हा स्कॅनरनेच मोटर जागेवर आणायची, मगच बटण वापरायचं. बॅटरी कमजोर असेल तर चार्जर लावून करा, अर्ध्यात व्होल्टेज पडलं की एरर येऊन अडकतं.

आणि नव्या गाड्यांत मागचे पॅड पुढच्याआधी संपले तर घाबरू नका. हलक्या ब्रेकला ईबीडी (ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी यंत्रणा) मागच्या चाकांना जास्त काम देतं, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) मागची चाकं धरतं, वर मागचे पॅड मुळात पातळ. दोन्ही बाजूंचे, आतबाहेरचे सारखे घासलेले असतील तर तो बिघाड नाही.

घाटवाट_सातारा:

पेडलचं केलं, हँडब्रेक आला खाली. केबल न ताणता. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून आज यवतेश्वरला नेऊन आणू का?

पाना_तेरा:

घाट नको. उतारावर नवा पॅड सतत धरून ठेवला तर तो सगळीकडून बसायच्या आत वरून भाजतो, काचेसारखा चकाकतो आणि मग चुंईं करतो. रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या मोकळ्या सरळ रस्त्यावर जा. ६० वरून २० पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा. पूर्ण थांबू नका, दर वेळेच्या मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी वाऱ्यावर चालू द्या. शेवटी दोन-तीन किलोमीटर ब्रेक न वापरता चालवा, आणि आल्यावर हँडब्रेक लगेच ओढू नका, गिअरमध्ये उभी करा. मागच्या ब्रेकवर भार कमी येतो, त्यामुळे पुढच्यापेक्षा बसायला वेळ लागतो. पहिले दोनएकशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका. घाटात गेलाच तर दुसऱ्या गिअरवर इंजिनाने उतरा.

परत आल्यावर दोन्ही मागच्या चाकांच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. नसेल तर डिस्कजवळ हात नेऊन अंदाज घ्या, स्पर्श नको. उजवी डावीपेक्षा बरीच गरम असेल तर पिन नाहीतर लिव्हर अजून धरतोय. सारख्या असतील तर झालं काम. पन्नासएक किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा १२० ला तपासा.

कृष्णाकाठ_सांगली:

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही याच आठवड्यात घ्या, डॉट ४. ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर मर्यादा १५५ पर्यंत येते, आणि पसरणी घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरला तो फरक कळतो. सिलिकोनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका, सीलबंदच आणा. आणि पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला पाचर लावा, ओल्या डिस्कला पॅड चिकटून गंजत नाही.